पायपेटीवरचे धडे

गोंदिया जिल्ह्याची ओळख परक्या माणसाला सहसा तीन गोष्टींवरून होते. भाताच्या गिरण्या, नवेगावबांध-नागझिऱ्याचे अरण्य आणि रेल्वेचे जंक्शन. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. परंतु येथील कॅथलिक समाजाचे वय जिल्ह्याच्या वयाहून पुष्कळ अधिक आहे, आणि त्याची मुळे रुळांच्या कडेने रुजलेली आहेत. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीची स्थापना १८८७ सालची. नागपूर धर्मप्रांताची स्थापनाही १८८७ सालचीच. हा निव्वळ योगायोग असेल. परंतु रेल्वेने माणसे आणली आणि धर्मप्रांताने त्यांच्यासाठी वेद्या उभारल्या, ही गोष्ट मात्र योगायोगाची नव्हे. गोव्याचे गार्ड, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, तमिळ व तेलुगू फिटर, पुढे छोटा नागपूरकडून आलेली उरांव कुटुंबे आणि केरळच्या परिचारिका, अशा नाना भाषांच्या मंडळींनी येथील बाके भरली. आमचे वडील रेल्वेत नोकरीस होते, म्हणून त्या बाकांपैकी एका बाकाच्या टोकाशी आमचेही बालपण गेले.

या भिन्नभाषी मंडळींनी एका सुरात गावे कसे, हा प्रश्न त्या काळी आमच्या चर्चमध्ये एका वाद्यावर सोपवलेला होता. ते वाद्य म्हणजे पायपेटी. आमच्या भागात ‘ऑर्गन’ हा शब्द खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे, तो झाडीपट्टीच्या नाटकांमुळे. दिवाळीनंतर धान कापून झाले की मंडईच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके होतात आणि रंगमंचापुढे ऑर्गनवाला बसतो. आमच्या चर्चमधील पायपेटी त्याच कुळातली, पण तिचा धर्म निराळा. नाटकातला ऑर्गन नटाला उचलून धरतो. चर्चमधल्या पेटीने, ज्यांना गाता येत नाही अशा माणसांना उचलून धरावयाचे असते.

खरा ऑर्गन म्हणजे नळ्यांचा. प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी, आणि एकाच सुराच्या निरनिराळ्या आवाजांसाठी नळ्यांच्या रांगाच्या रांगा. पॅरिसच्या नोत्रदाम कॅथेड्रलमधील मोठ्या ऑर्गनला सुमारे आठ हजार नळ्या आहेत. १५ एप्रिल २०१९ च्या आगीतून तो वाचला आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडले तेव्हा तो पुन्हा वाजू लागला. आमच्या पायपेटीत नळी एकही नव्हती. होत्या त्या पितळेच्या जिभल्या, पाच सप्तकांच्या एकसष्ट पट्ट्या, पायांशी दोन पायट्या आणि समोर ओढावयाच्या काही खुंट्या. फ्रान्समध्ये दबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले, त्या वंशवृक्षाचीच ही एक फांदी. ज्या गावांना नळ्यांचा ऑर्गन परवडण्याजोगा नव्हता, त्यांच्यासाठी असली वाद्ये जगभर गेली. हाताच्या पेटीत एक हात भात्यात अडकतो. पायपेटीत दोन्ही हात मोकळे राहतात आणि चार आवाजांची स्वरसंगती वाजवता येते. म्हणूनच चर्चला ती हवीशी वाटली.

१९६८ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, आम्ही या पेटीपुढे पहिल्यांदा बसलो. शिकवणारे होते एक निवृत्त गोवेकर गार्ड. सारे त्यांना गार्डसाहेब म्हणत, आणि आम्हीही तेच नाव येथे ठेवतो. गोव्यात ख्रिस्तमंदिराला जोडून असलेल्या पारिश शाळेतून मुलांना गाणे, व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवण्याची प्रथा शेकडो वर्षांची. तेथील ‘मेस्त’ म्हणजे गायनमास्तर, आणि त्याच्या हाताखालून निघालेली मुले पुढे पोलीस बँडपासून मुंबईच्या सिनेमापर्यंत पसरली. गार्डसाहेब तशाच एका शाळेत घडलेले. रेल्वेची नोकरी त्यांनी पोटासाठी केली. रविवारची पेटी वाजवली ती पोटापलीकडच्या कशासाठी तरी.

पहिले कित्येक दिवस त्यांनी आम्हांला एकाच पट्टीवर बोट ठेवून पाय चालवावयास लावले. सूर एक, पाय दोन. एक पाय संपता संपता दुसरा सुरू व्हावा, आणि मधला सांधा कानाला कळू नये. “बाबू, पाय म्हणजे इंजिन, हात म्हणजे डबे,” ते म्हणत. “इंजिनाने झटका दिला तर डब्यातल्या माणसाच्या हातचा चहा सांडतो.” आम्हांला गाणे वाजवण्याची घाई होती, त्यांना चहा न सांडण्याची काळजी होती. आज मागे वळून पाहता वाटते, शिक्षणाचा सर्वांत मोठा भाग त्या कंटाळवाण्या दिवसांतच झाला.

त्यानंतर बोटे. पेटीचे एक वैगुण्य असे की, पट्टी सोडताच सूर मरतो. पियानोसारखी सूर लांबवण्याची सोय तिच्यात नाही. म्हणून ऑर्गन वाजवणाऱ्याला दाबलेली पट्टी न सोडता तिच्यावरचे बोट बदलण्याची कला शिकावी लागते. तिसरे बोट दाबलेले असतानाच तेथे पाचवे बोट सरकवावयाचे आणि तिसरे पुढच्या सुरासाठी मोकळे करावयाचे. ऐकणाऱ्याला यातले काहीही कळता कामा नये. जे चांगले जमले ते कोणाच्याच लक्षात येत नाही, अशी ही कला आहे. आणि बारा वर्षांच्या मुलाला याहून कठीण अट कोणती असणार!

तिसरा धडा श्वासाचा. गार्डसाहेब म्हणत की, पेटी वाजवणाऱ्याने प्रत्येक ओळ स्वतः मनात गायली पाहिजे आणि जेथे आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तेथे बोटे उचलली पाहिजेत. लोक श्वास घेत असताना पेटी वाजत राहिली तर लोक मागे पडतात; मागे पडले की लाजतात; लाजले की गप्प होतात. मग गायनवृंद तेवढा गात राहतो आणि उपासनेचा जलसा होतो. पुढल्या बाकावरच्या सुशिक्षित बाईसाठी वाजवू नये, मागल्या बाकावरच्या दम लागलेल्या म्हातारीसाठी वाजवावे, हा त्यांचा नियम. १९६७ साली रोमहून निघालेल्या पवित्र संगीतविषयक सूचनापत्रात ऑर्गनवादकाकडून केवळ हातांच्या कौशल्याची नव्हे तर उपासनेच्या आत्म्याशी समरस होण्याची अपेक्षा केलेली आहे. ते सूचनापत्र गार्डसाहेबांनी वाचले होते की नाही, कोण जाणे. पण त्यांनी आम्हांला शिकवले ते हेच.

आणि चौथा धडा मौनाचा. प्रायश्चित्तकाळात पेटीने गाण्याला आधार तेवढा द्यावा, स्वतःचे वेगळे वादन करू नये. पवित्र गुरुवारचे महिमागीत आटोपले की पेटी मिटावी, ती पास्काच्या जागरणातील महिमागीतापर्यंत उघडू नये. त्या दोन दिवसांत आम्ही पेटीजवळ नुसते बसत असू. शनिवारी रात्री महिमागीताच्या पहिल्या सुराला चर्च कसे अंगभर थरारते, हे ज्याने आधीचे मौन पाळले नाही त्याला समजणार नाही.

येथवर वाचून कोणाला वाटेल की, गार्डसाहेब म्हणजे सर्व काही जाणणारे गुरू होते. वस्तुस्थिती अशी की, आम्ही त्यांच्याकडे शिकावयास गेलो त्याच वर्षांत तेही नव्याने शिकत होते. ४ डिसेंबर १९६३ रोजी द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक संविधान संमत केले. लोकभाषेत मिस्सा साजरी होऊ लागली. त्याच संविधानाने नळ्यांच्या ऑर्गनचा मान राखला आणि त्याच वेळी मिशनप्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेलाही उपासनेत योग्य स्थान द्यावे असे सांगितले. कागदावर ही दोन वाक्ये शेजारी शेजारी सुखाने नांदतात. गार्डसाहेबांच्या दोन हातांना मात्र ती एकत्र नांदवावी लागली. चाळीस वर्षे जमवलेल्या लॅटिन गीतांच्या वह्या त्यांनी एके दिवशी ट्रंकेत ठेवल्या आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मराठी भक्तिगीते वाजवावयास घेतली.

अडचण केवळ भाषेची नव्हती. त्यांचा ‘दो’ एकाच पट्टीवर कायमचा बसलेला. पोर्तुगीज पद्धतीच्या शिक्षणात तो हलत नाही. आपला ‘सा’ मात्र गाणाऱ्याच्या गळ्यानुसार कोठेही बसतो. दुसरी अडचण स्वरसंगतीची. आमच्या चर्चमध्ये भूप रागाच्या वळणाचे एक गीत फार आवडीचे होते. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. ओळ संपवताना गार्डसाहेबांचा डावा हात सवयीने पाश्चात्त्य स्वरमेळ दाबी, पंचम, निषाद, ऋषभ आणि मध्यम. म्हणजे ज्या दोन सुरांना रागाने दाराबाहेर ठेवले, नेमके तेच दोन सूर डाव्या हाताने आत शिरत. बायका गाता गाता थबकत. काय बिघडले ते त्यांना सांगता येत नसे आणि यांना कळत नसे.

अखेर गार्डसाहेब एका राईस मिलच्या मुनीमजींकडे गेले. मुनीमजी हिंदू, भजनी मंडळात पेटी वाजवणारे. दर बुधवारी संध्याकाळी, मिलचा भोंगा झाल्यावर, कोंड्याच्या धुळीने पांढऱ्या झालेल्या ओसरीवर हे दोन वृद्ध एका हातपेटीपुढे बसत आणि आम्ही शेजारी चटईवर. मुनीमजींनी त्यांना सांगितले, “साहेब, डाव्या हाताला थोडा उपवास घडू द्या.” भूपाच्या गीताला केवळ षड्ज आणि पंचम धरून ठेवावे, बाकी सारे गळ्यावर सोपवावे. चार आवाजांची संगती मांडण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या माणसाला डावा हात दोन सुरांवर स्थिर ठेवणे किती जड गेले असेल! पण पुढल्या रविवारी त्यांनी तसे केले, आणि मागल्या बाकांपर्यंत सारे चर्च गायले. त्या दिवशी आम्हांला गुरू या शब्दाचा अर्थ कळू लागला.

मराठीत ख्रिस्तगीते गाण्याची वाट काही व्हॅटिकन परिषदेने प्रथम पाडली असे नव्हे. फादर स्टीफन्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभीच ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले. आणि रेव्हरंड टिळकांचे नाते तर आमच्या या रुळांशीच आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले, ही हकीकत लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे घरोघरी माहीत आहे. नागपूर-राजनांदगाव गाडी गोंदियावरूनच जाते. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे त्यांनी अभंगाच्या वळणाची गीते लिहिली. टिळक प्रॉटेस्टंट आणि आम्ही कॅथलिक, हा भेद त्यांच्या गीतांनी फारसा मानला नाही. आमच्या आईला ती कोणी न शिकवता येत असत.

गोंदियास कॅथेड्रल नाही. आमचे कॅथेड्रल नागपूरचे, संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचे; १९५३ साली नागपूर धर्मप्रांत महाधर्मप्रांत झाला तेव्हापासून ते महागुरुस्वामींचे आसन आहे. वर्षातून एक-दोन वेळा गार्डसाहेब आम्हांला पहाटेच्या गाडीने तेथे नेत. सुमारे एकशे तीस किलोमीटरचा प्रवास. ते आम्हांला वाद्याजवळ नव्हे, तर अगदी मागे, दाराजवळ उभे करीत. “वाजवणारा काय करतो ते बघू नको. येथे किती वेळाने पोचते ते ऐक.” मोठ्या वास्तूत सूर उशिरा पोचतो आणि उशिरा विरतो. म्हणून वाजवणाऱ्याने लोकांच्या मागोमाग न जाता किंचित पुढे राहावे लागते, आणि घाई तर मुळीच चालत नाही. शेकडो माणसांचा एक श्वास ऐकू येतो, हे आम्ही तेथे शिकलो. परतीच्या गाडीत ते आम्हांला बाखची गोष्ट सांगत. १७०५ साली वीस वर्षांचा बाख बुक्स्टेहूडे या वृद्ध ऑर्गनवादकाचे वादन ऐकण्यासाठी आर्नश्टाटहून ल्यूबेकला चारशे किलोमीटर पायी गेला. चार आठवड्यांची रजा काढून गेला आणि चार महिने राहिला. “तुला तर गाडी आहे,” एवढे बोलून गार्डसाहेब डोळे मिटत.

१९७९ साली त्यांच्या अंत्यविधीला आम्ही पेटी वाजवली. एका लॅटिन गीताने आरंभ केला, कारण ट्रंकेतल्या वह्यांनाही निरोप देणे भाग होते. नंतर ते भूपाचे गीत. डावा हात षड्ज-पंचमावर, आणि पाय इंजिनासारखे. मुनीमजी शेवटच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. कोठेही चहा सांडला नाही.

त्या पायपेटीचे पुढे जे व्हायचे तेच झाले. आमच्याकडचा पावसाळा दमट. भात्याचे कापड कुजते, जिभल्यांना गंज चढतो, लाकडाला वाळवी लागते. दुरुस्त करणारे हात दुर्मीळ झाले. नव्वदच्या दशकात तिच्या जागी विजेवर चालणारा कीबोर्ड आला. आम्ही नव्याचे शत्रू नाही. कीबोर्डला उंदीर लागत नाहीत, आणि एक बटन दाबले की सारी पट्टी वर-खाली सरकते. जे साधावयास गार्डसाहेबांना त्रेसष्टावे वर्ष उजाडले ते क्षणात होते. आमची तक्रार एवढीच की, त्याच पेटीत तालाचेही बटन आहे. ते दाबले की ताल सुरू होतो आणि तो कोणासाठी थांबत नाही. दम लागलेल्या म्हातारीचा श्वास त्याला ऐकू येत नाही. ती मागे पडते, लाजते आणि गप्प होते. आमच्या चर्चमध्ये लोक पूर्वीपेक्षा कमी गातात असे वाटत असेल, तर दोष लोकांच्या श्रद्धेत शोधण्याआधी त्या बटनाजवळ शोधावा, असे आमचे नम्र मत आहे.

साधने नाहीत ही सबबही आता आम्हांला पटत नाही. फिलिपिन्समधील लास पिन्यास या गावी फादर दिएगो सेरा यांनी १८१६ ते १८२४ या काळात एक ऑर्गन बांधला. धातू महाग म्हणून त्यांनी बांबू घेतला. किडीपासून टिकावा म्हणून तो बांबू काही काळ समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवला. एकंदर १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या. १९७० नंतरच्या दशकात तो जर्मनीतील बॉन येथे नेऊन दुरुस्त करून आणला गेला आणि आजही वाजतो. वाचकहो, आमच्या जिल्ह्यात बांबूला तोटा नाही. ऑर्गन बांधा असे आम्ही म्हणत नाही. आठ वर्षे एका कामाला देणारे मन मात्र बांबूइतके मुबलक उगवत नाही, एवढेच सांगावयाचे आहे.

गेल्या वर्षीपासून एक मुलगी आमच्याकडे शिकावयास येते. अकरावीत आहे. आई रोवणीला जाते, वडील मिलमध्ये हमाल. नऊ किलोमीटर सायकल मारून येते. वडिलांनी एकदा आम्हांला सरळ विचारले, “काका, यातून पोरीला मिळणार काय?” पैशाच्या भाषेत या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि असल्या प्रश्नाला दुसऱ्या भाषेत उत्तर देणे हे पोट भरलेल्या माणसाचे लक्षण आहे. प्रत्येक धर्मग्रामाने वेदीवरच्या फुलांवर जेवढे खर्च होतात त्यातला थोडा भाग एका मुलाच्या अथवा मुलीच्या संगीतशिक्षणासाठी बाजूला काढला, आणि पुढे वाजवणाऱ्याला मानधन दिले, तर त्या हमालाला उत्तर मिळेल. सणाच्या दिवशी पाहुणा वादक बोलावण्यास आपल्यापाशी पैसे असतात. वर्षभर शिकणाऱ्या मुलासाठी नसतात. हे आपण बदलले पाहिजे.

तिच्या वाद्याला पायट्या नाहीत, म्हणून पायांचा धडा आम्हांला देता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक ओळ आम्ही तिला आधी गावयास लावतो, मग वाजवावयास. भात्याचे काम तिच्या फुप्फुसांनी करावे. तालाच्या बटनावर कागदाची पट्टी चिकटवली आहे. दाबलेल्या पट्टीवर बोट बदलणे तिला आता साधू लागले आहे, आणि भूपाच्या गीतात डावा हात उपाशी ठेवणे तर ती आमच्याहून लवकर शिकली. मिस्सेला पूर्णपणे एकटीने वाजवावयास तिला अजून पाच-सहा वर्षे लागतील. आमच्या बोटांत सकाळी आताशा ताठरपणा असतो, आणि आमच्यापाशी तेवढी वर्षे आहेत की नाहीत ते प्रभूला ठाऊक. म्हणून या महिन्यापासून शिकवणी आठवड्यातून दोन दिवसांऐवजी तीन दिवस घेत आहोत.